गरम पोळी, पाऊण दिवसाची सहल आणि दोघांचं मोकळं बसणं

प्रश्न: मी ४१, बायको ३८. लग्नाला तेरा वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे, आई आमच्याबरोबर असते. पुण्यात वारज्याला राहतो. भांडणं अशी नाहीत, पण आमचं बोलणं म्हणजे शाळेची फी, सिलिंडर आणि आईच्या गोळ्या. मे महिन्यात मुद्दाम सगळ्यांना चार दिवस गोव्याला नेलं, चांगल्या रिसॉर्टमध्ये. परत आल्यावर बायको म्हणाली, "दमले बाई." मला रागच आला. चांगलंचुंगलं खाणं, जवळपास फिरणं, थोडा रोमान्स हे रोजच्या जगण्यात आणता येतं, की ती लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांचीच चैन असते? महिन्याला चार-पाच हजारांपेक्षा जास्त खर्च जमणार नाही.

उत्तर:

आणता येतं, आणि तुमचे चार-पाच हजारही सगळे लागणार नाहीत. पण आधी त्या "दमले बाई"कडे बघू. तुम्ही रागाने ते वाक्य बाजूला टाकलंत आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

गोव्याला जायच्या आधी बॅगा कोणी भरल्या? मुलीचे कपडे, तापाचं औषध, सनस्क्रीन, आईंच्या गोळ्यांची डबी, प्रवासातले दशमी-चटणीचे डबे? निघताना गॅसचा नॉब, दुधाचा रतीब, कामवाल्या मावशींना निरोप? परत आल्यावर चार माणसांचे वाळूने भरलेले कपडे कोणी धुवायला लावले? तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्या जोडप्यांना मी हे विचारते तेव्हा दहातल्या नऊ घरांत नवरा आधी गप्प होतो आणि मग म्हणतो, "गाडी मी चालवली." गाडी चालवणं हेही काम आहे, नाही कसं. पण ती मुक्कामाला पोचल्यावर थांबते. दुसऱ्या कामाला मुक्काम नसतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. यातली गोम अशी, की ही ९७ मिनिटं घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे आणि असे पुरुष साधारण चारात एकच निघाले. बाकीचे तिघे त्या हिशेबातच नाहीत. तुम्ही चारातले कोण, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

म्हणजे गोव्यात तुम्ही सुटीवर होतात आणि तुमच्या पत्नी कामावर होत्या. फक्त कामाची जागा समुद्राकाठी होती. मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट मोलाची वाटते आणि पुढचं सगळं तिच्याच अंगाने सांगणार आहे: दोघांना एकाच वेळी मोकळं बसता आलं पाहिजे. एक बसलेला आणि दुसरा उभा, अशा घरात फुलं आणली काय नि केक आणला काय, उभ्या माणसाला ते आणखी एक आवरायचं काम होतं.

सुरुवात जेवणापासून करू, कारण ते रोज होतं.

आपल्याकडे "गरमागरम पोळी पानात पडणे" हे प्रेमाचं परमोच्च लक्षण मानलं जातं. मलाही तव्यावरून उतरलेली, पापुद्रे सुटलेली, तुपाचं बोट फिरवलेली पोळी आवडते, त्यात वाद नाही. पण तिचं गणित बघा. नवरा, मुलगी, सासूबाई जेवतात तेव्हा बाई तव्यापाशी. ती जेवायला बसते तेव्हा तिघांचे हात धुऊन झालेले, भाजी कोमट, आमटी तळाला गेलेली आणि समोर बसायला कोणी नाही. तेरा वर्षं असं चाललं असेल तर तुम्ही दोघं एका घरात राहून रात्रीचं जेवण वेगवेगळं जेवत आलात. मग बोलणं सिलिंडरपर्यंतच पोचणार.

यावरचा उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. पोळ्या आधी करून घ्यायच्या, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. गरम पोळीची चटक असेल तर शेवटच्या चार पोळ्या तुम्ही लाटा. वेड्यावाकड्या होतील, होऊ द्यात. आई म्हणतील, "अरे, तू कशाला?" त्यांच्याशी वाद न घालता लाटत राहायचं. आठवड्यात दोन दिवस असे ठेवा, की पोळीचा प्रश्नच येणार नाही. वरणफळं, मुगाची खिचडी आणि पापड, आंबेमोहराचा मऊ भात, मेतकूट आणि वर तूप, ताकातली उकड. यातलं काहीही अर्ध्या-पाऊण तासात होतं, एकाच भांड्यात होतं आणि पानात वाढल्यावर पुन्हा ओट्याशी जावं लागत नाही. "साधं जेवण" म्हणून या पदार्थांना आपण आजारपणाच्या रांगेत बसवलंय. पण ज्या रात्री सगळे एकत्र बसून वरणफळांवर तूप ओतून घेतात, त्या रात्रीचं जेवण मागवलेल्या बिर्याणीपेक्षा जास्त आठवतं, असं मला पुष्कळ जणांनी सांगितलंय.

आता चवीचं. चव घेऊन खाणं म्हणजे डोळे मिटून तीस वेळा चावणं वगैरे जे सांगतात, ते मी कोणाला सांगत नाही. चार दिवसांत कंटाळा येतो. त्याऐवजी ताटाकडे बघा. एकच पदार्थ खात गेलो तर त्याची गोडी पहिल्या काही घासांनंतर उतरते, आणि ती त्याच पदार्थापुरती उतरते. दुसरी चव तोंडात आली की जीभ पुन्हा जागी होते. खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगांतून दाखवलं. आपल्या ताटाची डावी बाजू नेमकं हेच काम करते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं हे सगळं बोटाबोटाएवढं आणि घासागणिक जिभेला वेगळीकडे नेणारं. घाईच्या घरांत सगळ्यात आधी हीच बाजू गळते. भाजी-पोळी उरते, मग ती बेचव वाटते, मग बाहेरून मागवलं जातं. रविवारी अर्धा तास काढून एक ओली चटणी आणि एक कोरडी करून ठेवा. जवसाची, कारळ्याची, लसणाची, जी घरात आवडते ती. हे काम तुमच्याकडे घ्या. मिक्सर फिरवता येतो ना?

आणि ऋतू. शहरात राहून आपल्याला वर्षभर सगळं मिळतं, त्यामुळे कशाचीच वाट बघायची राहिलेली नाही. वाट बघणं हा तर चवीचा अर्धा भाग. आषाढातली तळणं, म्हणजे कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. पावसाळ्यात मंडईत चार दिवस दिसून गायब होणाऱ्या रानभाज्या, टाकळा, कर्टुली. थंडीत ओल्या मटारची उसळ, कोवळ्या ज्वारीचा हुरडा. उन्हाळ्याच्या तोंडावर पुरंदरचे अंजीर, मग हापूस, मग जांभळं. दोघांनी मिळून वर्षाला असे आठ-दहा पदार्थ "आपले" ठरवावेत आणि हंगामाच्या बाहेर त्यांना हात लावू नये. वारज्याहून मंडई काही फार लांब नाही. शनिवारी सकाळी सात वाजता दोघंच जा, पिशवी तुम्ही धरा, भाव त्या करोत. मंडईतून निघाल्यावर कुठेतरी मिसळ किंवा बन-मस्का खाऊन घरी. डेक्कनला गुडलक कॅफे १९३५ पासून चालू आहे. तिथे सकाळी कॉलेजची पोरं बसलेली असतात. त्यांच्यात बसून चहा प्यायला पन्नास-साठ वर्षांच्या जोडप्यांनाही मजा येते, तुम्ही तर अजून लहान आहात.

आईंबद्दल तुम्ही फक्त गोळ्यांचा उल्लेख केलाय. त्या वयाच्या बऱ्याच जणी साडेसातला जेवून मोकळ्या होतात. त्यांना आणि मुलीला आधी वाढून, आठवड्यातून एक-दोनदा तुम्ही दोघं नऊला गॅलरीत ताटं घेऊन बसलात तर त्यात काही वावगं नाही. मात्र हे आईंना तुम्ही सांगायचं, सुनेने नाही. "आज आम्ही दोघं नंतर बसतो" एवढंच. सुनेच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ वेगळा निघतो, मुलाच्या तोंडून आलं की निघत नाही. आपल्या घरांची रीत अशीच आहे, तिच्याशी लढत बसण्यापेक्षा तिचा उपयोग करून घ्यावा.

आणि फोन. ताटाशेजारी पालथा ठेवलेला फोनही नको. तो दुसऱ्या खोलीत.

आता बोलण्याकडे येते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांना एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावून त्यांचं वागणं टिपलं. त्यांचं लक्ष भांडणांइतकंच बारीकसारीक बोलण्यावर होतं. एक जण खिडकीतून बघत म्हणतो, "ती बोट बघ किती छान आहे." दुसरा मान वर करून बघतो, की "हं" म्हणून पेपरात डोकं घालतो? सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना शंभरातल्या ८६ वेळा ओ दिली होती, जी वेगळी झाली होती त्यांनी ३३ वेळा. हे आकडे अमेरिकन जोडप्यांचे आहेत, आपल्याकडे काटेकोर तसेच निघतील असं मी म्हणणार नाही. पण कल्पना तंतोतंत लागू पडते. तुमच्या घरातली बोट म्हणजे "आज ऑफिसात काय झालं माहितेय", "या आंब्याचा वास बघ", "गुडघा दुखतोय जरा". याला दिलेली ओ म्हणजे रोमान्सची रोजची मात्रा. ती चुकत असेल तर वाढदिवसाच्या हिऱ्याच्या कुड्या फार तर आठवडाभर पुरतात.

सवय म्हणून संध्याकाळचा चहा घ्या. दोघांपैकी जो आधी घरी येईल त्याने दुसरा आल्यावर चहा टाकायचा, आलं ठेचून, आणि पंधरा मिनिटं खुर्चीत बसून प्यायचा. त्या पंधरा मिनिटांत हप्ता, शाळा, आईंची तपासणी आणि नातेवाइकांची लग्नं हे विषय बंद. "मग बोलायचं काय?" असं तुम्ही विचारणार, सगळे विचारतात. पहिले काही दिवस खरंच काही सुचत नाही, रेडिओ लावा हवं तर. पण पंधरा दिवसांत कोणीतरी एक जण काहीतरी बिनकामाचं बोलायला लागतो. मग बाकीचं आपोआप होतं.

फिरण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे पैसा सगळ्यात जास्त वाया जातो.

नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण सहलीच्या आधी. परत आल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. अपवाद एकच होता: ज्यांची सुटी अगदी निवांत गेली, त्यांचा आनंद परतल्यावरही काही काळ टिकला. आपल्या कामाच्या यात दोन गोष्टी आहेत. मोठ्या एका सहलीपेक्षा छोट्या अनेक सहली बऱ्या, कारण वाट बघण्याचा काळ पुन्हा पुन्हा मिळतो. आणि दमवणारी सहल म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली दमछाक.

म्हणून मी जोडप्यांना "पाऊण दिवस" सुचवते. पहाटे निघायचं, दुपारी दोन-तीनच्या आत घरी. मुक्काम नाही, बॅग नाही, हॉटेलचं बुकिंग नाही. एक पिशवी, पाण्याची बाटली, टोपी. मुलगी शाळेत किंवा आजीकडे. महिन्यातून एकदा, आणि जमल्यास कामाच्या वारी, दोघांनी एकदम रजा टाकून. रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर जे चालतं त्याला सहल म्हणणं मला जमत नाही.

वारज्याहून सगळ्यात जवळचा म्हणजे सिंहगड. मंगळवार-बुधवारी सकाळी साडेसहाला डोणज्याच्या पायथ्यावरून चढायला लागा. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी वरपर्यंत जाते. वर पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही, देवटाक्याचं पाणी. शनिवार-रविवारी हीच पिठलं-भाकरी गर्दीत उभ्याने खावी लागते आणि खाली उतरताना गाड्यांची रांग. आठवड्याच्या मध्ये तोच गड वेगळाच असतो.

डिसेंबर ते मार्च भिगवण. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर, उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगावातले मच्छीमार पहाटे नावेतून पाण्यावर नेतात आणि रोहित पक्ष्यांचे थवे अगदी जवळून दिसतात. ऊन चढायच्या आत पोचायचं, म्हणजे घरून चार-साडेचारला निघायचं. परतताना तिथल्याच एखाद्या घरगुती खानावळीत तळलेली चिलापी आणि ज्वारीची भाकरी. मासे खात नसाल तर पिठलं सगळीकडे मिळतं. नावेत एक गंमत होते: नावाडी म्हणतो "आवाज करू नका", आणि एरवी सिलिंडरवर बोलणारी दोन माणसं तासभर एकमेकांना नुसत्या खुणा करतात.

वाई आणि मेणवली. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, आणि तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा. वाड्यामागच्या घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतली. वाडा बघायला अर्धा तास पुरतो, घाटावर बसायला मात्र दोन तासही कमी पडतात. स्वारगेटहून वाईला एसटी आहेत आणि मी एसटीच सुचवीन, म्हणजे दोघांपैकी कोणालाच गाडी चालवावी लागणार नाही.

आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, आजही तिला टेबल-खुर्च्यांचा डायनिंग कार जोडलेला असतो. पुण्याहून सव्वासातला सुटते. घाट लागायच्या आत डायनिंग कारमध्ये जागा धरायची, चीज टोस्ट आणि ऑम्लेट मागवायचं आणि खंडाळ्याचा घाट टेबलावरून बघायचा. तिथे बराच वेळ बसू देत नाहीत, रांग असते, पण तेवढा पुरे. साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी. मग काळा घोडा, १९२२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दुपारी बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया या जुन्या इराणी हॉटेलात बेरी पुलाव, थोडं चालणं आणि पाच दहाची परतीची डेक्कन क्वीन. साडेआठला पुण्यात. हा पाऊण दिवस नाही, पूर्ण दिवस झाला, पण मुक्काम नसल्यामुळे नियम मोडला असं मी धरत नाही. पावसाळ्यात गेलात तर घाटासाठी खिडकीची जागा त्यांना द्या.

या सगळ्यात एक अट आहे आणि ती ठाम आहे. सहल आलटून-पालटून ठरवायची. ज्याची पाळी, त्याने सगळं बघायचं: रजा, तिकीट, पाणी, खाणं, मुलीला शाळेतून कोण आणणार, आईंच्या दुपारच्या जेवणाचं काय. दुसऱ्याने फक्त तयार होऊन निघायचं आणि वाटेत सूचना करायच्या नाहीत. पहिली पाळी तुमची. "तूच ठरव, तुला जे आवडेल ते" हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण तो आपलं काम दुसऱ्याच्या पदरात टाकायचा सभ्य मार्ग आहे.

नवीन काही केल्याने नात्यात फरक पडतो का, यावर मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग मला फार आवडतो. काही जोडप्यांना मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधून, दोघांच्या मध्ये उशी धरून, रांगत रांगत खोली पार करायला लावली. बाकीच्यांना चेंडू हळूहळू ढकलत न्यायचं कंटाळवाणं काम दिलं. हा सगळा प्रकार सात मिनिटांचा. पण हसत-धडपडत रांगणाऱ्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान नोंदवलं. तेव्हा दर वेळी ठिकाणच नवं हवं असं नाही. दोघांनाही न येणारी एखादी गोष्ट एकत्र शिका. लेझीम, पोहणं, मातीकाम, पुरणपोळी लाटणं. दोघं एकाच वेळी अनाडी असणं हे फार जवळ आणणारं असतं.

एका विषयाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत आणि बहुतेक कोणी लिहीत नाही. रोमान्स म्हणताना तुमच्या मनात शरीराची जवळीकही असेल, असं धरून चालते. नऊ वर्षांची मुलगी अजून तुमच्या दोघांच्या मध्ये झोपते का? झोपत असेल तर तिला आजीच्या खोलीत किंवा तिच्या स्वतःच्या पलंगावर हळूहळू हलवायची वेळ झाली आहे, ते तिच्यासाठीही बरं. खोलीच्या दाराला कडी लावायला लाजू नका.

दुसरं म्हणजे, "आधी इच्छा, मग जवळीक" हा क्रम सगळ्यांचा नसतो. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं, की बऱ्याच स्त्रियांमध्ये, विशेषतः दीर्घ नात्यात, जवळीक सुरू झाल्यावर इच्छा जागी होते. त्यासाठी मन मोकळं आणि अंग न दमलेलं लागतं. रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून आलेल्या बाईकडून उत्साहाची अपेक्षा ठेवून, ती नाही दिसली की "तिला आता रस उरला नाही" असा निष्कर्ष काढणारे नवरे मला नेहमी भेटतात. भाजी तुम्ही चिरा. आणि रोज थोडा असा स्पर्श ठेवा ज्याचा पुढे काही हेतू नसतो. टीव्ही बघताना पाय मांडीवर घेणं, केसांना तेल लावून देणं, निघताना खांद्यावर हात. स्पर्श झाला की "आता पुढे" असं समीकरण झालं, की थकलेलं माणूस स्पर्शच टाळायला लागतं. त्या स्वतःहून नको म्हणाल्या तर ते तिथेच संपलं पाहिजे, तोंड न पाडता.

त्यांचं वय ३८ आहे. थकवा सतत असेल, झोप उडाली असेल, पाळी अनियमित झाली असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. पुष्कळदा "प्रेम आटलं" म्हणून येतात आणि रक्त कमी निघतं. तेच तुमचंही. चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब यांचा परिणाम अंथरुणातही होतो. घरात टोमणे, अबोला, हात उगारणं असलं काही असेल, किंवा दोघांपैकी एक जण आठवडेच्या आठवडे उदास असेल, तर सहली आणि वरणफळं बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

कँडललाइट डिनर, गुलाबाच्या पाकळ्या, हॉटेलच्या गच्चीवरचा तंबू याबद्दलही विचाराल म्हणून सांगते. मला त्यांचं वावडं नाही. वर्षातून एकदा हौस म्हणून जरूर करा. पण तिथे गेल्यावर निम्मा वेळ फोटोत जातो, जेवण बहुतेक सगळीकडे एकाच चवीचं असतं आणि बिल आल्यावर दोघांचेही चेहरे गंभीर होतात. त्या पैशांत कोजागिरीला गच्चीवर चटई, आटवलेलं केशर-बदामाचं दूध आणि भेळ होते. आपल्याकडे चांदण्यात जागायला हक्काची रात्र असताना आपण मेणबत्त्यांच्या मागे का लागतो, हे मला कळलेलं नाही. दुधासाठी आईंनाही वर बोलवा, त्या तासाभरात पेंगायला लागून खाली जातीलच.

आता खर्च. मंडई आणि वर मिसळ किंवा बन-मस्का हे तुमच्या नेहमीच्या बाजारहाटात जिरतं. सिंहगड, वाई किंवा भिगवण यातलं एक धरलं तर पेट्रोल किंवा एसटीचं तिकीट, नाव, जेवण मिळून दोन-अडीच हजारांच्या वर सहसा जात नाही. डेक्कन क्वीनचा दिवस त्यापेक्षा महाग पडतो, तो तीन महिन्यांतून एकदा. उरलेल्या पैशांतून एक करा: पोळ्यांना किंवा संध्याकाळच्या स्वयंपाकाला आठवड्यातून तीन दिवस बाई लावता येते का बघा. मी सुचवलेल्या सगळ्या खर्चांत हा सगळ्यात रोमँटिक आहे, जरी त्याचा फोटो काढता येत नसला तरी.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळचा चहा. दुसऱ्या आठवड्यापासून वरणफळं-खिचडीचे दोन दिवस आणि सगळ्यांनी एकदम बसणं. तिसऱ्यात मंडई. चौथ्यात पाऊण दिवस, तोही सिंहगडच, कारण जवळ आहे आणि फसला तरी बारा वाजता घरी येता येतं. या बेताची त्यांच्यासमोर मोठी घोषणा करू नका. "तज्ज्ञांनी सांगितलंय" हे तर अजिबात नको. बुधवारची रजा आधी टाका, आईंशी मुलीच्या शाळेच्या वेळांचं बोलून घ्या, आणि मग त्यांना विचारा, "बुधवारी सकाळी मोकळी होशील का?" नाही म्हणाल्या तर पुढच्या बुधवारचं विचारा.